उत्तर आपल्या हातचं

पत्राला उलटटपाली उत्तर पाठवायचं, ही आपल्या घरांची जुनी शिस्त. लिहायला फार काही नसलं तरी ‘पत्र पावलं, मजकूर समजला’ एवढं कार्ड टाकायचंच. उत्तर आलं नाही की समोरचा माणूस आधी काळजीत पडायचा आणि मग रुसायचा. आता पत्रं कमी झाली. बँक, विमा, कॉलेज, पासपोर्ट, मालाची मागणी, परदेशातल्या लेकीचं खुशालीचं लिखाण, सगळं ईमेलनं येतं. मैत्रिणींनो, एक सरळ प्रश्न विचारते. तुमच्या नावानं आलेल्या ईमेलला उत्तर कोण देतं?

हा प्रश्न मी बचत गटांच्या बैठकीत नेहमी विचारते. ‘ईमेल कोणाकोणाचं आहे?’ म्हटलं की बरेच हात वर होतात. ‘आणि उत्तर कोण लिहितं?’ म्हटलं की हात खाली येतात. एकीनं तर हसत सांगितलं, “ताई, माझं ईमेल पोराच्या मोबाइलात असतं.” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण ही गोष्ट आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला नवी नाही, फार जुनी आहे.

आपला जिल्हा मनीऑर्डरीवर आणि पत्रांवर जगलेला. घरधनी मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत, बाई गावात शेत, गुरं आणि म्हातारी माणसं सांभाळत. मुंबईहून पत्र यायचं. ते वाचून दाखवायचे पोस्टमन किंवा शाळेतले गुरुजी. उत्तरही त्यांच्याच हातचं. समोर गुरुजी पेन उघडून बसलेले, ओटीवर सासरे, पडवीत दीर, दाराआड सासूबाई. अशा वेळी ती बाई काय सांगणार? ‘सगळं ठीक आहे, काळजी करू नका, गणपतीला या.’ अंगातला ताप, भाताचं झालेलं नुकसान, मनातलं बोचणं, यातलं काहीच कागदावर उतरायचं नाही. सही म्हणून अंगठा तिचा, पण पत्र तिचं नव्हतं. यात गुरुजींचा काही दोष नाही. त्यांनी उपकारच केले. पण दुसऱ्याच्या हातून लिहिताना आपल्या मनातलं निम्मं गळून पडतं, हे खरंच आहे.

आता आपण शिकलो. कोणी दहावी, कोणी बारावी, कोणी माझ्यासारखी बी. ए. लिहायला गुरुजी लागत नाहीत. आणि तरी आपलं उत्तर पुन्हा दुसऱ्याच्या हातात गेलं. कधी मुलाच्या, कधी पुतण्याच्या, कधी नवऱ्याच्या, तर कधी चक्क मोबाइलच्या दुकानदाराच्या! हसू नका. नवा स्मार्टफोन घेतला की त्यात खातं लागतं म्हणून दुकानातला मुलगा पटापट जीमेल उघडून देतो. पासवर्ड तोच ठरवतो. एखाद्या कागदाच्या कपट्यावर लिहून देतो, तो कपटा पिशवीतून कुठे जातो ते देव जाणे. आपलं ईमेल आहे हेसुद्धा कित्येक जणींना माहीत नसतं.

गंमत बघा. ज्याला वेबमेल म्हणतात, म्हणजे इंटरनेट असलेल्या कुठल्याही यंत्रावर नाव आणि पासवर्ड घालून उघडता येणारं ईमेल, ते निघालं ते मुळी आपला पत्रव्यवहार दुसऱ्याच्या ताब्यात राहू नये याच गरजेतून. अमेरिकेत नोकरी करणारे सबीर भाटिया आणि त्यांचा सहकारी जॅक स्मिथ यांना आपापसात खासगी निरोप पाठवायचे होते. कंपनीच्या संगणकावरून स्वतःचं खासगी ईमेल उघडता येत नव्हतं आणि कंपनीच्या ईमेलवर लिहावं तर साहेब वाचेल ही धास्ती. त्यातून हॉटमेल जन्माला आलं. तारीख मुद्दाम निवडली, ४ जुलै १९९६, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. दीड वर्षाच्या आतच, १९९७ च्या डिसेंबरात, मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं.

आपल्याकडे विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. तीही तारीख स्वातंत्र्यदिनाचीच. पाठोपाठ मुंबईच्या रेडिफचं ईमेल आलं, याहू आलं. गावोगावी सायबर कॅफे निघाले. तासाचे पैसे मोजून, प्लायवूडच्या खोपटात बसून मुलं ईमेल करायची. आपण बाहेर उभ्या, नाहीतर मुलाला सांगणार, ‘मामाला कळव रे, आम्ही मे महिन्यात येतो.’ १ एप्रिल २००४ ला गुगलनं जीमेल जाहीर केलं आणि एक जीबी जागा फुकट देऊ म्हटलं, तेव्हा लोकांना ते एप्रिल फूल वाटलं होतं. आज तेच जीमेल आपल्या भाजीच्या पिशवीतल्या मोबाइलमध्ये आहे. खोपटात जायला नको, तास मोजायला नको. मग अडतं कुठे?

अडतं ते सवयीत. ‘मला नाही बाई जमत, तूच काय ते लिही.’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. त्याची किंमत मात्र सहज नसते.

आमच्या ओळखीच्या एका गटाचं उदाहरण सांगते. आंबापोळी, फणसपोळी, कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ असा त्यांचा माल. चव अशी की एकदा घेतलेलं गिऱ्हाईक परत येतं. पुण्याच्या एका गृहसंस्थेनं दिवाळीच्या भेटीसाठी मागणी केली. ईमेल आलं गटाच्या पत्त्यावर, आणि तो पत्ता चालवायचा अध्यक्षबाईंचा पुतण्या. मुलगा गुणी, पण घाईचा. त्यानं बायकांना न विचारता इंग्रजीतून दोन ओळी ठोकून दिल्या. माल आहे, अमुक भावानं देऊ. भाव जुना, गेल्या वर्षीचा. वाहतूक कोणाची ते नाही, आगाऊ रक्कम किती ते नाही. पुढे बायकांना कळलं तेव्हा समोरच्यांनी तेच उत्तर छापून दाखवलं. गटाचं नाव जाऊ नये म्हणून त्यांनी शब्द पाळला. आगळाच्या बाटलीमागे वीस-वीस रुपये पदरचे गेले. रात्र-रात्र बसून बाटल्या भरल्या त्यांनी, आणि उत्तर दिलं होतं तिसऱ्यानंच.

दुसरी गोष्ट याहून कठीण. लांज्याकडच्या एका बहिणीचे मालक अचानक गेले. विम्याचा दावा केला. अर्जावर ईमेलचा पत्ता मालकांचाच राहिला, कारण घरात दुसरा पत्ता कोणाचा नव्हता. कंपनीनं एक कागद कमी आहे म्हणून कळवलं, अमुक दिवसांत उत्तर द्या म्हणून आठवणही केली. ती सगळी पत्रं गेलेल्या माणसाच्या खात्यात जाऊन पडत होती. उत्तर नाही म्हणून फाइल बंद झाली. ही बिचारी दर सोमवारी पोस्टमनची वाट बघत होती! पुढे पुन्हा अर्ज केला तेव्हा तिनं स्वतःचं ईमेल उघडलं. कंपनीनं कागद मागितला, तिनं मोबाइलवर त्याचा फोटो काढला, मराठीतून सहा ओळी लिहिल्या आणि पाठवून दिल्या. पैसे मिळाले, पण पाच महिने उशिरा. त्या पाच महिन्यांत गळ्यातली पोत गहाण पडली होती.

म्हणून मी म्हणते, उत्तर ही किरकोळ गोष्ट नाही. दिलेलं उत्तर म्हणजे लेखी पुरावा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला, तेव्हापासून मृत्युपत्रासारखे थोडे अपवाद सोडले तर संगणकावरचा मजकूर लेखी मजकूर म्हणून कायद्याला चालतो. बँकेचंच घ्या. बँकेकडे लेखी तक्रार केली आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. पण तक्रार कधी केली हे दाखवायला तारीख लागते. काउंटरवर उभं राहून घातलेल्या वादाला तारीख नसते, ईमेलला असते.

आता कोणी म्हणेल, ‘घरात एकमेकांपासून काय लपवायचंय?’ लपवायचा प्रश्नच नाही. ‘दुसऱ्याचं पत्र फोडू नये’ हे आपल्याला लहानपणी शिकवलं ना? ते काय घरात चोर होते म्हणून? तो मान होता, ज्याच्या नावानं पत्र आलं त्याचा. आणि काही जणींना खरोखरच स्वतःच्या कुलपाची गरज असते. त्रासात असलेली एखादी बहीण समुपदेशकाला, वकिलाला किंवा माहेरी लिहू पाहते. तिचं ईमेल ज्याच्यापासून त्रास आहे त्याच्याच मोबाइलमध्ये उघडं असेल, तर ती तेच लिहिणार, जे गुरुजींच्या समोर बसलेली बाई सांगायची. सगळं ठीक आहे.

या संदर्भात मला नेहमी आनंदीबाई जोशी आठवतात. गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला. पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, असं विचारणारं पत्र त्यांनी एका मिशनऱ्याला लिहिलं. धर्म बदलला तर मदत करू, अशा अर्थाचं उत्तर मिळालं आणि तो पत्रव्यवहार तिकडच्या एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी १८८० साली तो दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचला. ओळख ना पाळख, पण त्यांनी घरी जाऊन पत्र लिहिलं. पहिलं पत्र गोपाळरावांचं होतं हे खरं. पण पुढे कार्पेंटरबाईंना आनंदीबाई स्वतः लिहू लागल्या, स्वतःच्या शब्दांत, परक्या भाषेत. आपले सण, आपल्या चालीरीती, आपलं आजारपण, आपली जिद्द, सगळं लिहिलं. पत्र बोटीनं जायचं, उत्तर यायला महिने लागायचे. त्या पत्रांतून एक नातं जुळलं आणि त्या नात्याच्या भरवशावर १८८३ साली अठरा वर्षांची मुलगी एकटी अमेरिकेला निघाली. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून डॉक्टर झाली. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

दाताच्या दवाखान्यातली ती बाई मासिक मिटून गप्प बसली असती तर? आणि इकडे आनंदीबाईंनी ‘तुम्हीच काय ते लिहा’ म्हणून कागद नवऱ्याकडे सरकवला असता तर? दोघींनी आपापलं उत्तर आपापल्या हातानं लिहिलं, म्हणून पुढचं सगळं घडलं.

मग कसं लिहायचं? फार अवघड नाही, खरंच. आलेलं ईमेल उघडलं की खाली बाण काढलेला ‘रिप्लाय’ असतो, तो दाबायचा. समोरच्याचा पत्ता आणि विषय आपोआप येतात, आधीचं पत्रही खाली जोडलेलं राहतं. ते खोडू नका, संदर्भाला कामी येतं. शेजारीच ‘रिप्लाय ऑल’ असतं. ते दाबलं की ज्या ज्या माणसांना मूळ पत्र गेलं, त्या सगळ्यांना आपलं उत्तर जातं. गटाच्या वीस जणींना कळायला हवं असेल तर उत्तम. पण एकीच्या उधारीबद्दल लिहायचं असेल तर? म्हणून पाठवण्याआधी वरची नावं एकदा वाचायची. ‘सीसी’ म्हणजे टाइपरायटरच्या काळातली कार्बन कॉपी, माहितीसाठी दुसऱ्याला दिलेली प्रत. ‘बीसीसी’ म्हणजे तीच प्रत, पण इतरांना न दिसणारी.

मजकूर मराठीत लिहा. पूर्वी मराठी अक्षरं उमटायची नाहीत म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं लागे, वाचणाऱ्याचे डोळे दुखायचे. आता मोबाइलवर मराठी कळफलक आहे, आणि बोटं चालत नसतील तर माइकचं चिन्ह दाबून बोला, अक्षरं आपोआप उमटतात. उत्तर मोठं लागत नाही. हे बघा:

‘नमस्कार. आपलं १२ तारखेचं पत्र मिळालं. आगळाच्या साठ बाटल्या देऊ शकतो. या वर्षीचा भाव आणि वाहतुकीचा खर्च गटाच्या बैठकीत ठरवून शुक्रवारपर्यंत कळवते. कळावे.’ खाली आपलं नाव, गटाचं नाव, गाव. झालं! माहिती हाताशी नसेल तरी ‘मिळालं, अमुक दिवशी कळवते’ एवढं दोन दिवसांत लिहायचं. आपली जुनी कार्डाची शिस्त हीच तर होती.

आता ईमेल स्वतःच उत्तर सुचवतं. २०१७ पासून जीमेलवर तयार उत्तरं खाली दिसतात, बोट लावलं की गेलं. हल्ली तर अख्खं पत्र लिहून देणारी यंत्रंही आली आहेत. घाईच्या वेळी जरूर वापरा, पण वाचल्याशिवाय पाठवू नका. हे नवे गुरुजीच समजा. अक्षर सुंदर, पण आपल्या मनातलं त्यांना ठाऊक नसतं.

आणि हो, प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचं नसतं, हेही शिकायला हवं. ‘केवायसी संपली, आजच्या आज ओटीपी कळवा’, ‘लॉटरी लागली, खातं नंबर द्या’, अशा पत्रांना उत्तर म्हणजे चोराला किल्ली. पाठवणाऱ्याचं नाव बँकेचं दिसलं तरी खालचा पूर्ण पत्ता बघा, आणि शंका आली तर शाखेत जाऊन विचारा. चुकून पैसे गेलेच तर रडत बसू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

एक विचार मला फार मोलाचा वाटतो. बाईला पत्ता दोनदा मिळतो, माहेरचा आणि सासरचा. दोन्हींत तिचं नाव कोणाच्या तरी मार्फत. १५ ऑगस्ट १९७२ ला आपल्या देशात पिनकोड आला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी संस्कृतपंडितांच्या कल्पनेतून. टपाल खात्यातले मोठे अधिकारी होते ते. त्यामुळे रत्नागिरीला ४१५६१२ मिळाला, गावागावाला ओळख मिळाली. पण घराच्या आतल्या बाईला स्वतःचा पत्ता मिळाला तो ईमेलमुळे. लग्न झालं, घर बदललं, मुलाकडे मुंबईला राहायला गेलात, तरी तो बदलत नाही. तो दुसऱ्याच्या खिशात का ठेवायचा?

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. दुपारची आवराआवर झाली की मुलाला शेजारी बसवा. मदत त्याची, बोटं आपली. पासवर्ड नवा घाला. खातं परत मिळवण्यासाठी जो मोबाइल नंबर दिलेला असतो तो तपासा आणि स्वतःचा घाला, कारण तो नंबर ज्याचा, खातं शेवटी त्याचं. बँकेत, विम्यात, गटाच्या कागदपत्रांत हाच पत्ता नोंदवा. दुसऱ्याच्या यंत्रावर उघडलंत तर काम झाल्यावर ‘लॉग आउट’ करा. आणि आठवड्यातून दोनदा तरी पेटी उघडा. दोन वर्षं ढुंकून न पाहिलेलं खातं गुगल पुसून टाकू शकतं, २०२३ च्या डिसेंबरपासून तसा नियम लागू आहे.

मग पेटीतलं सगळ्यात जुनं, उत्तराची वाट बघणारं पत्र शोधा. बँकेचं असेल, गिऱ्हाइकाचं असेल, नाहीतर दुबईतल्या भाचीचं. शुद्धलेखन चुकलं तर चुकू दे. चार ओळी लिहा, खाली आपलं नाव घाला आणि ‘सेंड’ स्वतःच्या बोटानं दाबा.